डायलिसिसऐवजी रक्त गाळून भागेल का? हिमोफिल्ट्रेशन, एचडीएफ आणि शरीरात बसवायची किडनी

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

माझे थोरले मेहुणे गेल्या वर्षापासून डायलिसिसवर आहेत. जुना मधुमेह होता, त्यातून दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून दोनदा, दर वेळी चार तास असे चालले आहे. डायलिसिसहून आले की उरलेला दिवस ते अंथरुणावरच असतात. पायांत गोळे येतात, बीपी खाली जाते आणि जेवणावर वासना राहत नाही. परवा केंद्रावर त्यांना सांगण्यात आले की साध्या डायलिसिसऐवजी एचडीएफ सुरू करा, त्यात रक्त गाळले जाते, त्रास कमी होतो आणि आयुष्य वाढते. अर्थात दर वेळचा खर्चही बराच वाढणार आहे. दुसरीकडे नातेवाइकांच्या गटावर एक संदेश फिरतो आहे की अमेरिकेत मुठीएवढी कृत्रिम किडनी तयार झाली असून ती रक्त गाळते, त्यामुळे आता डायलिसिसची गरजच उरणार नाही.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. रक्त गाळणे आणि डायलिसिस यांत नेमका फरक काय? गाळण्याने खरोखर आयुष्य वाढते का? आणि ही बसवायची किडनी कुठवर आली आहे? शेतीच्या उत्पन्नावर चालणारे घर आहे, म्हणून पैसे कुठे घालावेत हे नीट कळणे आम्हाला फार गरजेचे आहे.

निशिगंध

मी नेफ्रॉलॉजीत, म्हणजे मूत्रपिंडाच्या आजारांच्या विभागात, डॉक्टर म्हणून काम करतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो.

डायलिसिसमध्ये पातळ पडद्याच्या एका बाजूने रक्त आणि दुसऱ्या बाजूने क्षारांचे पाणी उलट्या दिशेने वाहते. रक्तात युरिया जास्त आणि पाण्यात शून्य, म्हणून तो पडद्यातून पलीकडे जातो. युरियाचा रेणू लहान आहे, त्याचे वजन ६० डाल्टन. तो झपाट्याने जातो. पण बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनसारखा सुमारे ११,८०० डाल्टनचा रेणू या मार्गाने फार हळू सरकतो, आणि तोच वर्षानुवर्षे साठून सांध्यांत व मनगटात त्रास देतो.

हिमोफिल्ट्रेशनमध्ये पलीकडे पाणी नसतेच. दाब देऊन रक्तातले पाणीच पडद्याबाहेर ओढले जाते. फडक्यात दही टांगले की निवळीबरोबर त्यात विरघळलेले सगळे खाली उतरते, तसे पाण्याबरोबर लहान-मोठे सगळे रेणू एकाच वेगाने निघून जातात. छिद्रापेक्षा मोठे असलेले अल्ब्युमिन (रक्तातले प्रथिन) आणि रक्तपेशी तेवढ्या मागे राहतात. मात्र जेवढे पाणी काढले जवळजवळ तेवढेच शुद्ध, योग्य क्षार असलेले पाणी रक्तात परत द्यावे लागते.

मग नुसते गाळूनच का भागवत नाहीत, असा प्रश्न येतो. चार तासांत २४ लिटर गाळले, तर युरियापासून २४ लिटरच मोकळे होतात. साध्या डायलिसिसमध्ये मिनिटाला २०० मिलिलिटर युरियापासून मोकळे होतात असे धरले, तरी त्याच चार तासांत ४८ लिटर होतात. म्हणजे मोठ्या रेणूंसाठी गाळणे चांगले आणि लहान रेणूंसाठी डायलिसिस चांगले. दोन्ही एकत्र केले की एचडीएफ, म्हणजे हिमोडायाफिल्ट्रेशन. तेव्हा एचडीएफ हा डायलिसिस टाळण्याचा मार्ग नाही. खुर्ची तीच, सुया त्याच, चार तासही तेच. आत चालणारे काम अधिक असते.

रानजाई

मी स्वतः रुग्ण आहे आणि गेली काही वर्षे एचडीएफवर आहे, त्याआधी साध्या डायलिसिसवर होते. माझा अनुभव चांगला आहे. उपचार चालू असताना बीपी पडण्याचे प्रमाण कमी झाले आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात उभी राहू शकते, हे माझ्यासाठी मोठे आहे. अंगाची खाज पूर्ण गेली नाही, पण रात्री झोप लागते.

तरीही हे सगळे एचडीएफमुळेच झाले असे मी ठामपणे म्हणणार नाही, कारण त्याच सुमारास माझ्या डॉक्टरांनी ड्राय वेट (अंगातले जादा पाणी काढल्यावरचे वजन) नव्याने ठरवले आणि दोन डायलिसिसच्या मधे वाढणारे वजन मी काटेकोरपणे सांभाळू लागले. पूर्वी चार तासांत तीन-साडेतीन लिटर पाणी काढावे लागे, आता दोनच्या आसपास काढतात. पाणी घाईने ओढले की गोळे येतात, हे कोणत्याही यंत्रावर खरे आहे.

कृष्णाकाठ दादा, मेहुण्यांचे दोन डायलिसिसमधले वजन किती वाढते?

पैलतीर

मी नेदरलँड्समध्ये राहतो. डायलिसिसच्या यंत्राचा जन्म याच देशातला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्यात असलेल्या काम्पेन गावी विलेम कोल्फ या डॉक्टरने १९४३ मध्ये लाकडी पट्ट्यांचा ढोल, त्याभोवती सॉसेजच्या वेष्टणासाठी मिळणारी सेलोफेनची नळी आणि खाली क्षारांच्या पाण्याचा टब अशी जुळणी केली. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले आणि १९४५ मध्ये एक वृद्ध स्त्री वाचली. तो माणूस थांबला नाही, याबद्दल मला नेहमी मनापासून आदर वाटतो.

आता दुसऱ्या प्रश्नाविषयी. इथे एचडीएफ रुळलेले आहे आणि त्यावरच्या मोठ्या अभ्यासांत डच केंद्रे पुढे होती. २०१२ मध्ये आलेल्या 'कॉन्ट्रास्ट' अभ्यासात ७१४ रुग्ण होते आणि एकंदर मृत्यूंत लक्षणीय फरक दिसला नाही. ज्यांच्यात जास्त पाणी गाळले गेले, त्यांच्यात मात्र फायदा जाणवला. २०१३ मध्ये स्पेनमधल्या 'एशोल' अभ्यासात ९०६ रुग्णांत मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्के कमी आढळला. अखेर २०२३ मध्ये 'कन्व्हिन्स' अभ्यास आला. त्यात १,३६० रुग्ण होते, दर वेळी किमान २३ लिटर गाळण्याचे लक्ष्य होते आणि सुमारे अडीच वर्षांच्या काळात एचडीएफ गटात १७.३ टक्के, तर हाय-फ्लक्स (मोठ्या छिद्रांचा पडदा वापरणाऱ्या) डायलिसिसच्या गटात २१.९ टक्के मृत्यू झाले. हा फरक खरा आहे आणि तो लहान नाही.

निशिगंध

पैलतीर यांनी आकडे अचूक दिले आहेत. त्यांना एक जोड देतो, कारण धागाकर्त्यांच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. 'कन्व्हिन्स'मध्ये २३ लिटरचे लक्ष्य गाठू शकतील असेच रुग्ण घेतले होते, म्हणजे मुळात रक्ताचा प्रवाह चांगला असलेले. आणि मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांच्या गटात फायदा तितका स्पष्ट दिसला नाही. मेहुण्यांना मधुमेह आहे. 'आयुष्य वाढते' हे वाक्य त्यांना सरसकट लागू करता येणार नाही.

सांजवात

मी एका लहान शहरातल्या डायलिसिस केंद्रात टेक्निशियन आहे. इथे पाण्याविषयी कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो.

साध्या डायलिसिसला मिनिटाला ५०० मिलिलिटर पाणी लागते, चार तासांत १२० लिटर. ते पडद्याच्या पलीकडून जाते. एचडीएफमध्ये मात्र यंत्र त्याच पाण्यातून वीस-पंचवीस लिटर वेगळे काढून, आणखी गाळून, थेट रुग्णाच्या रक्तात सोडते. म्हणून त्याला अतिशुद्ध पाणी लागते. मापदंडाप्रमाणे मिलिलिटरमागे ०.१ पेक्षा कमी जीवाणू आणि ०.०३ एककापेक्षा कमी एंडोटॉक्सिन (जीवाणूंचे विष) असले पाहिजे. आरओचे मेम्ब्रेन वेळेवर बदलले पाहिजे, पाइपांचे निर्जंतुकीकरण ठरल्या दिवशी झाले पाहिजे आणि क्लोरामाइनची (पाण्यातल्या क्लोरीनयुक्त रसायनाची) तपासणी पाळी सुरू होण्यापूर्वी झाली पाहिजे. पाणी बिघडले तर काय होते, हे ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात १९९६ मध्ये दिसले. तिथे जलाशयातल्या शेवाळाचे विष टँकरच्या पाण्यातून डायलिसिसमध्ये शिरले आणि पन्नासच्या आसपास रुग्ण यकृत निकामी होऊन दगावले.

उन्हाळ्यात आमच्याकडेही टँकर येतात. टँकर बदलला की पाण्याचा क्षार बदलतो आणि आरओवर ताण येतो. म्हणून माझा आग्रह असा की, एचडीएफचे जादा पैसे भरण्यापूर्वी केंद्राला तीन गोष्टी विचाराव्यात: जीवाणू आणि एंडोटॉक्सिनचा शेवटचा अहवाल कधीचा आहे, डायलायझर (ज्यात पडदा असतो ती नळी) किती वेळा धुऊन वापरता, आणि मागच्या एचडीएफला यंत्राने किती लिटर गाळल्याची नोंद आहे. हा तिसरा आकडा यंत्राच्या पडद्यावर दिसतो. १४-१५ लिटर होत असतील, तर अभ्यासातल्या २३ लिटरचा फायदा सांगून पैसे घेणे योग्य नाही.

रानजाई

सांजवात, हे फार उपयोगी लिहिलेत. मी उद्याच आमच्या सिस्टरांना माझा आकडा विचारते.

सिंधुदुर्गकर

नुसत्या गाळण्याचा उपयोग मी अतिदक्षता विभागात पाहिला आहे. आमच्याकडे भात कापणीच्या दिवसांत घोणस चावण्याच्या घटना होतात. माझ्या चुलत भावाला घोणस चावली. प्रतिविष मिळाले, पण दोन दिवसांत लघवी बंद झाली आणि बीपी इतके खाली गेले की साधे डायलिसिस सोसणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले. मग अनेक तास हळूहळू चालणारा उपचार दिला. पिशवीत थेंबाथेंबाने जमणारे ते पिवळसर पाणी आम्ही काचेतून पाहत असू. काही आठवड्यांनी त्याची मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागली. आज तो काजूच्या बागेत राबतो.

डॉक्टरसाहेब, अशा वेळी सर्पविषच गाळून काढतात का?

निशिगंध

नाही. विषावर प्रतिविष हाच उपाय आहे, आणि तो जितका लवकर मिळेल तितके चांगले. यंत्र फक्त मूत्रपिंडे बंद असण्याचा काळ निभावून नेते. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसमध्येही हेच होते; २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईच्या रुग्णालयांनी ते मोठ्या प्रमाणावर अनुभवले.

रक्तदाब अस्थिर असलेल्या रुग्णासाठी अखंड, चोवीस तास हळू चालणारे हिमोफिल्ट्रेशन वापरतात. ही पद्धत जर्मनीत ग्योटिंगेनच्या पेटर क्रामर यांनी १९७७ मध्ये सुरू केली. आपल्याकडे त्याचे संच आणि द्रवाच्या पिशव्या महाग पडतात, म्हणून पुष्कळ ठिकाणी 'स्लेड' करतात, म्हणजे नेहमीच्याच यंत्रावर सहा ते बारा तास मंद गतीने चालवलेले डायलिसिस. सिंधुदुर्गकर, तुमच्या भावाला यांपैकी एक दिले असणार.

अधिक गाळले की अधिक रुग्ण वाचतात, असाही एक समज होता. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या २००९ च्या अभ्यासात अतिदक्षता विभागातल्या सुमारे दीड हजार रुग्णांना किलोमागे तासाला २५ किंवा ४० मिलिलिटर अशा दोन मात्रांत वाटले होते. नव्वद दिवसांनी दोन्ही गटांत मृत्यूचे प्रमाण तंतोतंत सारखे निघाले, ४४.७ टक्के. काही मर्यादेपलीकडे गाळण्याने काही साधत नाही.

मांडवीकर

गोव्याहून लिहितो आहे. विषय रक्तातून काय निघते याचा आहे, म्हणून एक सावधगिरी सांगतो. आमच्याकडे परसात करंबळाचे (स्टारफ्रूटचे) झाड असते, पाच धारांचे आंबट फळ. लोणच्यात आणि आमटीत ते वापरतात. मूत्रपिंडाच्या रुग्णाने ते तोंडातही घालू नये. त्यातले विष निरोगी माणसाच्या लघवीतून निघून जाते. किडनीच्या रुग्णात साठून न थांबणारी उचकी, भ्रम आणि झटके येतात. अशा रुग्णाला तातडीने डायलिसिस लागते.

निशिगंध

मांडवीकर यांनी सांगितलेले पूर्ण खरे आहे. कोकणातल्या वाचकांनीही लक्षात ठेवावे.

अक्षरवेल

मी जैवअभियांत्रिकी शिकवते. तिसऱ्या प्रश्नाकडे वळते, कारण त्या संदेशाने पुष्कळ घरांत आशा लावली आहे.

तो संदेश सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले शुवो रॉय आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठातले विल्यम फिसेल यांच्या प्रकल्पाविषयी असावा. त्यांच्या रचनेत दोन भाग आहेत. पहिला भाग सिलिकॉनच्या पातळ पट्ट्यांचा. त्यांवर नॅनोमीटरच्या मापाच्या फटी कोरलेल्या असतात, आणि पंप किंवा बॅटरी न लागता शरीराच्या रक्तदाबानेच त्यांतून पाणी गळते. दुसऱ्या भागात मूत्रपिंडाच्या जिवंत पेशी असतात. २०२१ मध्ये या गटाला अमेरिकेत 'किडनीएक्स' पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये पेशींचा भाग डुकराच्या शरीरात सात दिवस टिकला, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे न देता टिकला. ही खरी प्रगती आहे. पण दोन्ही भाग जोडून पूर्ण किडनी माणसात बसवलेली नाही. विकत मिळण्याचा तर प्रश्नच आलेला नाही.

हा दुसरा भाग कशासाठी लागतो, त्यातच या साऱ्या विषयाचे मर्म आहे असे मला वाटते. निरोगी मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात, पण लघवी होते दीड-दोन लिटर. उरलेले सगळे पाणी आणि त्यातले साखर, सोडियम, बायकार्बोनेट परत रक्तात घेतले जाते, तेही त्या दिवशी आपण काय खाल्ले-प्यायले त्या हिशेबाने. समजा, बसवलेल्या गाळणीने मिनिटाला फक्त ३० मिलिलिटर गाळले, तरी दिवसाला ४३ लिटर होतात. ते परत कोण घेणार? रुग्णालयात तेवढे पाणी पिशवीतून किंवा यंत्रातून देता येते, शरीरात बसवलेल्या डबीला ते शक्य नाही. शिवाय मूत्रपिंड रक्तपेशी वाढवणारे एरिथ्रोपोएटिन तयार करते आणि ड जीवनसत्त्व कार्यक्षम करते; हे कोणत्याही पडद्याला जमत नाही, म्हणून इंजेक्शने आणि गोळ्या चालूच राहतात. गाळणी बनवणे माणसाला कोल्फच्या काळापासून जमले आहे. परत घेणे अजून जमायचे आहे.

कमरेला बांधायच्या यंत्राचीही हीच कथा. २०१४ मध्ये सिएटलमध्ये ७ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. रुग्ण चालत-फिरत होते आणि रक्तही शुद्ध होत होते, पण यंत्रात बुडबुडे येणे असे दोष निघाल्यामुळे चाचणी थांबवावी लागली.

पैलतीर

अक्षरवेल, तुमचे विवेचन पटले. पण मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास काम करतात आणि डायलिसिस तीनदा केले तरी १२ तास होतात. हानीचा मोठा भाग या खंडाचा आहे. म्हणून मंद गतीने पण सतत चालणारे काहीही, पेशींचा भाग नसला तरी, आजच्यापेक्षा बरे ठरेल. परिपूर्ण किडनीची वाट पाहत अर्धे काम करणारे यंत्र मागे पडू नये.

सह्यगिरी

सतत चालणारे, पेशी नसलेले आणि पंपही न लागणारे साधन आजही उपलब्ध आहे: पोटाचे डायलिसिस. माझी आई साताऱ्याजवळच्या खेड्यात घरी सीएपीडी, म्हणजे हेच पोटाचे डायलिसिस, करते. दिवसातून चार वेळा दोन लिटर द्रव पोटात सोडायचा आणि काही तासांनी काढायचा. वीज गेली तरी अडत नाही, एसटीने तालुक्याला जावे लागत नाही. खोली स्वच्छ ठेवणे, हात नीट धुणे आणि मास्क लावणे यांत कसूर चालत नाही, कारण पोटात जंतुसंसर्ग झाला तर गंभीर होतो. तिला थोडी लघवी अजून होते, त्यामुळे पाण्याचे बंधनही सैल आहे. धागाकर्त्यांच्या मेहुण्यांना हा पर्याय कोणी सांगितला होता का?

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल मेहुण्यांकडे जाऊन कागद पाहिले. दोन डायलिसिसच्या मधे वजन साडेतीन ते चार किलो वाढते. लघवी जवळजवळ बंद आहे. पोटाच्या डायलिसिसविषयी त्यांना कोणी सांगितलेले नाही. आणि डॉक्टरसाहेब, त्यांचे डायलिसिस अजून मानेतल्या परमकॅथवरच (शिरेत बसवलेल्या नळीवरच, म्हणजे कॅथेटरवर) चालू आहे. फिस्टुला (हातातली धमनी आणि शीर जोडण्याची शस्त्रक्रिया) करायचा होता, पण 'पुढे बघू' असे म्हणत राहून गेला. मध्यंतरी दोनदा थंडी वाजून ताप आला होता.

निशिगंध

कृष्णाकाठ, मग तुमचा पैशांचा प्रश्न सुटायला मदत होते.

कॅथेटरवर २३ लिटर गाळण्याइतका प्रवाह सातत्याने मिळणे अवघड असते. त्यासाठी मिनिटाला साडेतीनशे मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त यावे लागते. आणि डायलिसिस चालू असताना थंडी वाजून येणारा ताप हा कॅथेटरमधल्या जंतुसंसर्गाचा इशारा असू शकतो. तो पुन्हा आला तर त्याच वेळी रक्ताचे कल्चर पाठवायला सांगा, नुसती तापाची गोळी देऊन घरी आणू नका.

माझ्या मते क्रम असा असावा. आधी हाताच्या शिरांची डॉपलर तपासणी करून फिस्टुला करून घ्यावा. तो वापरण्याजोगा व्हायला साधारण दीड-दोन महिने लागतात. त्याच वेळी दोनऐवजी तीन डायलिसिस सुरू करावेत. चार किलो पाणी चार तासांत ओढले जाते, म्हणून गोळे येतात आणि बीपी पडते. तीनदा केल्याने आणि मीठ कमी केल्याने त्यांना जो फरक पडेल, तो दोनदाच्या एचडीएफने पडणार नाही. फिस्टुला नीट चालू लागल्यावर, केंद्राचे पाणी खात्रीचे असेल आणि परवडत असेल, तर एचडीएफ अवश्य घ्यावे. मी त्याच्या विरोधात नाही. प्रत्यारोपणाच्या तपासण्याही थांबवू नका. घरात देणारे कोणी नसेल, तर विभागीय अवयवदान समन्वय केंद्राच्या यादीत नाव नोंदवता येते.

सांजवात

खर्चाविषयी: डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसते. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला शिधापत्रिका आणि आधार दाखवून तिसऱ्या डायलिसिसचे आणि फिस्टुलाच्या शस्त्रक्रियेचे विचारा. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांतही केंद्रे आहेत. जवळ पडत असेल तर तिथेही चौकशी करावी.

सह्यगिरी

फिस्टुला होईपर्यंतच्या काळाचा विचार करताना पोटाच्या डायलिसिसचाही पर्याय डॉक्टरांपुढे मांडा. मधुमेह आहे म्हणून तो बाद होत नाही, फक्त द्रवातल्या ग्लुकोजमुळे साखर सांभाळावी लागते.

कृष्णाकाठ

सोमवारी नेफ्रॉलॉजिस्टची वेळ घेतली आहे. फिस्टुला, तिसरे डायलिसिस आणि पोटाचे डायलिसिस हे तिन्ही विषय कागदावर लिहून नेत आहोत. एचडीएफचे तूर्त थांबवले आहे. एक विचारायचे राहिले: मेहुणे उजव्या हाताने काम करतात, तर फिस्टुला कोणत्या हाताला करतील आणि तोवर काय काळजी घ्यावी?

निशिगंध

शिरा चांगल्या असतील तर डाव्या हाताला करतात. आजपासून त्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाइन लावू देऊ नका आणि बीपीचा पट्टाही त्या हाताला बांधू देऊ नका. मेहुण्यांच्या फाइलवर पहिल्याच पानावर हे ठळक अक्षरांत लिहून ठेवा, म्हणजे नवीन सिस्टर आल्या तरी त्यांच्या लक्षात येईल.